शांततेची नक्कल जमेना

बाबा माझ्याशी चार महिने बोलत नव्हते, आणि चूक माझीच होती. मावसभावाच्या हळदीत माईक हातात आला आणि मी बाबांची नक्कल केली. बाबा बोलताना अडखळतात. मांडव लोटपोट झाला, बाबा भरलं ताट सोडून उठले. त्यानंतर गावी फोन केला की आई म्हणायची, "ते बाहेर गेलेत रे." मागे त्यांचा खोकला ऐकू यायचा. देवाचं नाव घ्यायचीही लाज वाटायची.

रूममेट सॅम्युअल क्वेकर आहे, म्हणजे ख्रिश्चनांमधल्या एका छोट्या पंथाचा. एका रविवारी सकाळी त्याच्यासोबत मुलुंडला त्यांच्या प्रार्थनेला गेलो, खरं तर माझ्या नकलांच्या कार्यक्रमासाठी नवीन आयटम शोधायला.

"पाद्री कसा बोलतो रे तुमचा?"

"पाद्री नाहीच. गप्प बसायचं. आतून कुणी उठवलं तरच उठून बोलायचं."

एका रिटायर्ड नर्सबाईंचं घर. सहा माणसं, गोलात खुर्च्या. मूर्ती नाही, क्रूस नाही, गाणं नाही. दहा मिनिटांत माझी वाट लागली. पाय हलतोय, मान खाजतेय, डोक्यात माझ्या नकलांमधले नेते, हिरो, आमचे हेडमास्तर, सगळे एकदम बोलतायत. समोर नक्कल करण्यासारखं कुणी काही करतच नव्हतं. हळूहळू ते सगळे आवाज दमले आणि एकच उरला, बाबांचा. कधी उभा राहिलो, माहीत नाही.

"मी... मी बाबांच्या अडखळण्यावर लोकांना हसवलं," म्हणालो. अडखळलो, आणि ती नक्कल नव्हती.

कुणी उत्तर दिलं नाही. त्यांच्यात देत नाहीत, बोललेलं तसंच शांततेत राहू देतात. तासाभराने सगळ्यांनी एकमेकांशी हात मिळवले, झालं. चहा देताना नर्सबाई एवढंच म्हणाल्या, "आमचे हेही अडखळायचे. मी घाईने त्यांचं वाक्य पुरं करायचे. नुसतं थांबायचं असतं, हे फार उशिरा कळलं."

जिन्यातूनच फोन लावला. "आई, बाबांच्या कानाला लाव. मी काही बोलणार नाही."

"मग फोन कशाला केलास?" ती म्हणाली, पण लावला.

माफीचं भाषण तयार होतं, ते गिळलं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली. फोन कट झाला नाही.

"जे... जे..."

शब्द माझ्या ओठांवर होता. थांबलो.

"जेवलास का?"

मला त्या खुर्चीतून कुणी उठवलं, ते सांगता येत नाही. ज्याने उठवलं त्याचे उपकार आहेत. सॅम्युअल म्हणतो, तो आतच असतो. दर रविवारी जातो, पाय अजून हलतोच. पण बाबांचं वाक्य आता मी पुरं करत नाही. त्या आतल्याचंही नाही.