मंदाने दिलेला मगज

सई, निहार, तुमचे अरविंदआजोबा, माझा धाकटा भाऊ, जाऊन आता दोन महिने होतील. तुम्हाला तिकडे फोनवर ‘इन्फेक्शन झालं’ एवढंच सांगितलं. इथे भोरमध्ये त्याहून सोपं कारण चालू आहे... म्हणे मंदाने दिलेला हाडांतला मगज त्याला बाधला. मंदा आमची शेंडेफळ, उत्रोलीला दिलेली. कालपर्यंत मी गप्प होते, आता खरं काय ते लिहिते.

अरविंदच्या हाडांत रक्त तयार होईना, आणि मंदाचा मगज जुळला. ती त्याला म्हणाली, “दादा, लहानपणी माझा लाडू पळवायचास. आता मागून घे.” मगज चढवल्यावर सुरुवातीला सगळं ठीक होतं. मग अंगावर चट्टे उठले, कातडी सोलली, जुलाब थांबेनात. डॉक्टरांनी समजावलं, नव्या पेशींना त्याचं शरीर परकं वाटतंय. कापूरहोळच्या फाट्यावर गाडीला गाडी घासली की एका हाकेसरशी सगळी गॅरेजं धावून येतात ना, तशा या पेशी रसायनांच्या हाका घालून एकमेकींना भांडायला बोलावतात. हे कुणाच्याही मगजाने होऊ शकतं. त्याची औषधं त्या हाका बंद करण्यासाठी होती. पण हाका बंद पडल्या की जंतूंशी लढायलाही कुणी येत नाही, त्यातूनच शेवटी ते इन्फेक्शन झालं.

आणि आमच्या चुलतवहिनी शालिनी, दोन पदव्या दिवाणखान्यात टांगलेल्या, थर्मास घेऊन भेटायला यायच्या. नर्सची पाठ वळली की गुळवेलीचा काढा. “प्रतिकारशक्ती वाढायला हवी हो, भावजी.” जी शक्ती त्याला सोलत होती, तीच वाढवायला ही विदुषी निघाली होती. अरविंद भिडस्त, नको म्हणणं त्याला जन्मात जमलं नाही... पीत राहिला. मला कळलं तेव्हा तो थर्मास मी मोरीत ओतला. काढ्यानेच तो गेला असं मी म्हणणार नाही, डॉक्टरही म्हणाले नाहीत. अज्ञान मी समजू शकते. पण ते असं मिरवलेलं पाहिलं की मला किळस येते.

काल उत्रोलीत नात्यातलं बारसं होतं. मंदा पाळण्याकडे निघाली, तर वहिनींनी तिचा दंड धरला. “तू लांबच थांब गं. उगाच कशाला...”

“वहिनी, तिने मगज दिला,” मी म्हणाले. “तुम्ही काय दिलंत?”

“मी आपलं चांगल्यासाठीच...”

“काढा दिलात.”

बाळाची आजी म्हणाली, “मंदे, हितं ये. पोरगं लई किरकिर करतंय, घे बरं.” मंदाने बाळ घेतलं. वहिनी तरीही जेवायला थांबल्या, उठून जाण्याएवढी लाज त्यांना कुठली.

अरविंद नाही. मंदा आहे, आणि दिलेला मगज तिच्या हाडांत केव्हाच पुन्हा भरून आला आहे.