आप्पांनी काढलेली शेळी

भुताखेताच्या गप्पा निघाल्या की मी चहाचा कप घेऊन सरळ आत निघून जाते. धाराशिवला हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवते. जे डोळ्याला दिसतं तेच खरं, एवढं साधं माझं मत. तरी हे लिहितेय.

माझी धाकटी बहीण शोभा लोहाऱ्याजवळच्या एका गावात दिलीय. तिचे सासरे, आप्पा, लकव्यानं अंथरुणाला खिळलेत. वाचा गेली, उजवा हातही गेला. काही हवं असलं की डाव्या हातानं पेन्सिलीनं काढून दाखवतात — तांब्या, उशी, पंखा. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात जेवायचं म्हणून मी आदल्या दुपारी पोचले, तर आप्पांनी कागद माझ्यापुढं केला.

घाईघाईतलं चित्र. एक मोठा गोल, आत आडवं पडलेलं जनावर, त्याच्या पोटाशी चार पिल्लं.

"अक्का, बघ की काय म्हणतेत," शोभा म्हणाली. "आमाला तर काय बी कळंना."

"शेळी आहे, कुंपणात. आणि ही करडं," मी ठोकून दिलं. शेपूट शेळीच्या मानानं फारच लांब होतं, पण डावा हात, रेघ सुटली असेल, म्हणून सोडून दिलं. आप्पा जोरजोरात मान हलवत होते, खाटेवर हात आपटत होते. शेतातली शेळी नुकतीच व्याली होती, त्यामुळं सगळ्यांना पटलं — आप्पांना करडं बघायचीत.

संध्याकाळी शोभाच्या सासूबाईंनी, अव्वांनी, कोरं मडकं धुऊन माझ्यासमोर आंबील केली. ज्वारीचं पीठ, ताक, लसूण, मिरची. गार झाल्यावर मडक्याच्या तोंडाला फडकं घट्ट बांधलं.

दुसऱ्या दिवशी आप्पांना जीपमध्ये घालून शेतात नेलं. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेल्या कोपीत पांडवांची पूजा झाली, अव्वांनी फडकं सोडून आंबील वाढली. मी दोन पेले प्यायले, वर तोंडभरून कौतुकही केलं. आप्पांच्या तोंडाशी पेला नेला, तर त्यांनी हातानं उडवला.

"असं करू नका वं. येळवशीच्या आंबलीला न्हाय म्हणू न्हाय," अव्वा म्हणाल्या आणि दुसरा पेला भरला. आप्पांनी दात आवळले. मग शोभाच्या नवऱ्यानं हनुवटी धरली, आणि त्यांना ती पाजली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. अव्वांनी ते पदरानं पुसलं.

दिवस कलल्यावर उरलेली आंबील रानात शिंपडतात. त्यासाठी शोभानं मडकं कलतं केलं आणि किंचाळून सोडून दिलं. तळाशी उंदराची मादी होती. टम्म फुगलेली, आडवी, अंगावरचे केस सुटून पिठात मिसळलेले. पोटाला चिकटलेली चार बिनकेसांची पिल्लं. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही... मी बांधावर बसून ओकले. पोटात काही उरलं नाही तरी ओकारी थांबेना. ती आंबट चव आजही मध्येच जिभेवर येते, किळस येते, अगदी स्वतःच्या तोंडाचीसुद्धा.

घरी आल्यावर चित्र पुन्हा पाहिलं. गोल म्हणजे कुंपण नव्हतंच, मडकं होतं. आप्पांचं सगळं बरोबर होतं, मीच माप चुकले.

चित्र काढलं तेव्हा ते मडकं स्वयंपाकघरात कोरं, पालथं पडलेलं होतं. आप्पा पडवीतल्या खाटेवरून उठूच शकत नाहीत. बांधलेल्या फडक्यातून उंदीर आत गेला कसा, आणि जाण्याआधीच आप्पांना ते कळलं कसं, यातलं काहीच मला आजवर उलगडलेलं नाही.

नंतर गेले तेव्हा त्यांच्या हातात नवी पेन्सिल दिली. त्यांनी ती न बघताच बाजूला ठेवली. शोभा म्हणाली, हल्ली घसा कोरडा पडला तरी ते तांब्यासुद्धा काढत नाहीत.