तिसरी चौकट

आमच्या ह्यांचं नाक अख्ख्या वर्कशॉपात प्रसिद्ध होतं. दिसायला बेताचंच. लग्न ठरलं तेव्हा माझ्या मावशीने त्यावरून तोंड वाकडं केलं होतं. पण जळलेली क्लचप्लेट नाकाशी धरली की हे सांगायचे, गाडी कशी चालवली गेली आणि चूक कोणाची. तिथले लोक ह्यांना नाकसाहेब म्हणायचे, तेही तोंडावर. ह्यांना ते आवडायचं. तिथे दाखवायचे नाहीत, घरी येऊन मला सांगायचे.

क्लच म्हणजे काय हे मला लग्नानंतर वीसेक वर्षांनी कळलं. एकदा जेवण झाल्यावर ह्यांनी दोन ताटं एकमेकांवर ठेवली आणि मधे ओलं फडकं घातलं. खालचं ताट इंजिन, वरचं ताट चाकं, मधलं फडकं म्हणजे प्लेट. घट्ट दाबलं की तिन्ही एकत्र फिरतात. अर्धवट दाबलं की फडकं घासतं, झिजतं, शेवटी जळतं. पेडलवर पाय अर्धाच दाबून ठेवायची सवय वाईट, असं म्हणाले. मी म्हटलं, कळलं, आता ताटं मोरीत ठेवा.

ह्यांच्या शोरूममध्ये दोन माणसांच्या बसक्या गाड्या विकायला असायच्या. अशा गाड्या की आत बसताना माणूस आधी वाकतो आणि मग पडतो. घेणारे हौशी. वर्षाच्या आत क्लच गेला की वॉरंटीचा कागद घेऊन भांडायला यायचे. कंपनी म्हणायची, प्लेट मुळात सदोष असेल तर नवी देऊ, तुम्ही जाळली असेल तर तुमचं तुम्ही बघा. हे ठरवायचं काम ह्यांचं. फॉर्मवर दोन चौकटी असायच्या. एक ‘बनावटीतला दोष’, दुसरी ‘चालवणाऱ्याची चूक’. एकीत खूण करायची आणि खाली सही. एकोणीस वर्षं ह्यांनी त्या खुणा केल्या आणि दुपारची झोपसुद्धा कधी मोडली नाही.

मग भूगोलाच्या बाई आल्या.

शाळेत छत्तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, सडपातळ, सत्तरीला टेकलेल्या. शोरूमसमोरच्या बसथांब्यावर त्या रोज उभ्या राहायच्या आणि काचेमागची लाल गाडी बघायच्या. अकरा महिने बघितली. मग एक दिवस रस्ता ओलांडून आत आल्या आणि म्हणाल्या, ही हवी. विकणाऱ्याने सांगितलं, तशीच नवीकोरी मागवून देतो. बाई म्हणाल्या, तशीच नको, हीच हवी, हिची आणि माझी ओळख झाली आहे. त्यावर सगळे हसले. हेसुद्धा हसले असणार, कारण घरी येऊन मला ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

आठ महिन्यांनी गाडी परत आली. इंजिन गुरगुरायचं, गाडी जागची हलायची नाही. किलोमीटर जेमतेम सात हजार. ह्यांनी क्लच उतरवला. प्लेट काचेसारखी गुळगुळीत, लोखंडावर निळे डाग. नाकाशी धरली. दुसऱ्या चौकटीत खूण केली.

बाईंनी प्लेट बघायला मागितली. बघून म्हणाल्या, तरुणपणापासून गाडी चालवते, अर्धा पाय ठेवायची सवय मला नाही. तेव्हा ह्यांनी जे उत्तर दिलं ते त्या संध्याकाळी मोठ्या दिमाखात मलाही ऐकवलं.

“बाई, मी तुम्हाला ओळखत नाही. पण ही प्लेट ओळखते.”

बाईंनी पदरमोड करून नवी प्लेट बसवली. ते एक वेळ चाललं असतं. पण घरात मुलगा होता, त्याला आईच्या गाडीची पहिल्यापासून धास्ती. त्याने कागद वाचला. ‘चालवणाऱ्याची चूक’, खाली सही, शिक्का. त्याने किल्ली उचलून स्वतःच्या खिशात टाकली. आई, आता वय झालं, एवढंच म्हणाला म्हणे. गाडीवर कापड पडलं.

बाईंनी कंपनीला तीन पत्रं लिहिली. तिन्ही वेळा एकच उत्तर, तपासणाऱ्याच्या अहवालाप्रमाणे. मग त्या अधूनमधून शोरूममध्ये येऊन गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या खुर्चीत बसायला लागल्या. भांडायच्या नाहीत. आवाज चढवायच्या नाहीत. एकदा हे समोरून जात होते तर विचारलं, चूक कुठल्या पायाने झाली तेवढं सांगाल का, म्हणजे मला कळेल. हे म्हणाले, डाव्या. बाई खाली वाकून आपल्या डाव्या पायाकडे बघत राहिल्या. हे सांगताना ह्यांना हसू आलं होतं. मीही हसले.

पुढच्या वर्षी काचेमागे पिवळी गाडी आली. इथे मला ती जागा नीट सांगायला हवी. शोरूम पहिल्या मजल्यावर. एकदा कोणी दगड मारून काच फोडली होती, तेव्हापासून नियम झाला की संध्याकाळी गाडी खाली तळघरात न्यायची आणि सकाळी परत वर आणायची. वर जायला एक उभा चढ. वर वळायला जागा नाही आणि गाडीचं तोंड तर रस्त्याकडे हवं, म्हणून चढावरून ती उलटी न्यायची. वर पोचता पोचता एक खांब. तिथे थांबा, चाक सरळ करा, इंचभर मागे, परत थांबा. ते काम हे दुसऱ्या कोणावर सोपवायचे नाहीत. नाकसाहेबांचा पाय मऊ, असं सगळे म्हणायचे. आणि गाडीत धूळ जाऊ नये म्हणून खिडकीची काच कायम वर.

त्या सकाळी वॉचमनने चढाच्या पायथ्याशी काहीतरी विचारलं म्हणून ह्यांनी काच खाली केली आणि तशीच राहू दिली. खांबापाशी गाडी अडली. डावा पाय अर्धा दाबून हे इंच इंच मागे सरकत होते आणि खिडकीतून तो जळक्या प्लेटचा वास आला.

ह्यांनी गाडी जागेवर लावली, खाली गेले आणि वॉचमनकडून किल्ल्यांची जुनी वही मागून घेतली. किल्ली घेणाऱ्याने त्यात सही करायची असते. लाल गाडी विकली जाईपर्यंतच्या अकरा महिन्यांत रोज सकाळी एकच सही होती. तीनशे अकरा वेळा उलटा चढ. किलोमीटरच्या काट्यावर त्याचं काहीच दिसत नव्हतं, कारण एवढ्याशा चढाने काटा कितीसा हलणार. बाईंच्या हातात गाडी गेली तेव्हाच प्लेट अर्धी जळलेली होती. जाळणारा पाय ह्यांचाच होता.

मला हे सगळं तेव्हा कळलं नाही. मला एवढंच दिसलं की माणूस जेवताना घास हातात धरून बसतो. दुपारी पेपर वाचता वाचता म्हणायचे, “अगं, गॅस बघ जरा, काहीतरी जळतंय.” मी बघायची. बंद असायचा. पुन्हा पंधरा मिनिटांनी तेच. शर्ट तीनतीनदा धुवायला टाकायचे, म्हणायचे वास जात नाही. मी नाक लावून बघितलं, साबणाचा वास होता. रविवारी दुपारी झोपले की डावा पाय हळूहळू खाली जायचा, थरथरायचा, अर्ध्यात थांबायचा. मी पायावर हात ठेवून बसायची. हाताखाली तो दाबतच राहायचा, कुठल्यातरी चढावर असल्यासारखा.

शोरूममधली ती खुर्चीही ह्यांना छळायला लागली. बाई यायच्या बंद झाल्या होत्या, पण ह्यांना त्या तिथे दिसायच्या, खाली वाकून पायाकडे बघणाऱ्या. ह्यांनी खुर्ची उचलून गोदामात ठेवली. मग रिकाम्या जागेतही त्या दिसायला लागल्या, म्हणून दुसऱ्या दिवशी स्वतःच परत आणून ठेवली. मला वॉचमनकडून हे कळलं, तेव्हा मी ह्यांना धरून बसवलं. म्हटलं, डॉक्टरकडे न्यायचं की आधी मला सांगताय?

सांगितलं. सांगताना एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

मी म्हटलं, मग जाऊन सांगा, नवा फॉर्म भरा. हे म्हणाले, काय भरू, फॉर्मवर दोनच चौकटी. कंपनीची चूक नाही आणि बाईंचीही नाही.

“अहो, मग तिसरी काढा,” मी म्हटलं. “नातीची पट्टी आहे घरात.”

मी चौथीपर्यंत शिकलेली. मला वाटलं चौकट काढायला किती वेळ लागतो. ह्यांना बारा दिवस लागले. कोरा फॉर्म आणून टेबलावर ठेवायचे आणि उठून जायचे. एकदाची काढली, पट्टीने, चारही रेघा सरळ. तिच्यापुढे लिहिलं, ‘शोरूमच्या माणसाची चूक’. आत खूण केली आणि खाली तीच सही, जी वहीत तीनशे अकरा वेळा होती.

मॅनेजरसाहेबांनी कागद वाचला आणि उलटा करून परत दिला. म्हणाले, नाकसाहेब, निवृत्तीला चौदा महिने राहिलेत, मी हा कागद पाहिलाच नाही. ह्यांनी तो सुलटा करून पुन्हा त्यांच्यापुढे ठेवला. महिन्याभरात ह्यांना सुट्या भागांच्या गोदामात पाठवलं. सहीचा अधिकार गेला. तिथे कोणी नाकसाहेब म्हणेना, नुसतं काका म्हणायचे. बाईंना प्लेटचा खर्च मिळाला, पण कशाबद्दल हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. म्हणून त्या कागदाची दुसरी प्रत घेऊन हे स्वतः बाईंच्या घरी निघाले. एकटे गेले असते तर दारातून परत आले असते, म्हणून मी बरोबर गेले.

मुलाने कागद वाचला. वाईट नव्हता तो मुलगा. मान खाली घालून आत गेला, किल्ली आणली आणि आईच्या समोर टेबलावर ठेवली. बाईंनी मात्र किल्लीला हात लावला नाही. कागद दोनदा वाचला, तिसऱ्या चौकटीवरून बोट फिरवलं.

“तुम्ही उशिरा आलात असं मी म्हणत नाही,” त्या ह्यांना म्हणाल्या. “पण तुमच्या आधीच्या कागदावर मी माझ्या पायापेक्षा जास्त विश्वास ठेवला. आता पाय मला खरं सांगत नाही.”

पुढच्या रविवारी सकाळी हे अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाईंकडे गेले आणि गाडीत त्यांच्या शेजारी जाऊन बसले. मग दर रविवारी. मी चिडवायची, या वयात लाल गाडीतून बाईमाणसाबरोबर हिंडता, लोक काय म्हणतील. हे म्हणायचे, लोक म्हणतात गाडी पुन्हा पुन्हा बंद का पडते. सपाट रस्त्यावर बाई छान चालवायच्या. चढ आला की पाय अडखळायचा आणि दर चढावर त्या एकच विचारायच्या, वास येतोय का? हे म्हणायचे, नाही. तेवढं ऐकलं की गाडी चढायची. तीन वर्षं असं चाललं. बाई एकट्या कधीच चढावर गेल्या नाहीत. घरी मात्र गॅस बघायला सांगणं ह्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही.

हे गेले तेव्हा बाई भेटायला पायी आल्या. महिन्याने पुन्हा आल्या, तेव्हा हातात किल्ली होती. म्हणाल्या, गाडी कापडाखाली ठेवणं बरं वाटत नाही, तुम्ही शेजारी बसाल का. मी म्हटलं, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. त्या म्हणाल्या, तुम्हाला एकच काम आहे.

मी वाकले आणि पडले त्या गाडीत. पदर दारात अडकला, तो बाईंनी सोडवून दिला. पाण्याच्या टाकीमागे एक चढ आहे, तिथपर्यंत आम्ही गप्पा मारत गेलो. चढ लागला. बाईंचा डावा पाय थरथरताना मला दिसला. तो पाय मी ओळखत होते. आमच्या अंथरुणावर तसाच एक पाय कितीतरी रविवारी माझ्या हाताखाली होता.

“वास येतोय का?”

आला. स्पष्ट आला, कडवट, जळका. ज्या वासासाठी मी घरात हजार वेळा उठले आणि एकदाही जो मला आला नव्हता, तो तेव्हा आला. गाडीचा होता, की ह्यांनी माझ्याकडे ठेवून दिलेला होता, ते मला आजही सांगता येणार नाही. ह्यांनी तीन वर्षं दिलेली उत्तरं खरी होती का, हेही आता विचारायची सोय नाही.

“नाही,” मी म्हटलं.

गाडी चढली.

घरी आल्यावर चपला न काढता मी आधी स्वयंपाकघरात गेले आणि गॅस बघितला. बंद होता.