काळ्या दातांची कवळी

दंतवैद्य होण्यासाठी आधी माणसाचा दंड फाडून बघावा लागतो, हे मला मुंबईला गेल्यावर कळलं. एकोणीसशे तिसाच्या सुमाराचा काळ होता. आमचं कॉलेज नुकतंच निघालं होतं आणि दातांच्या विद्यार्थ्यांचं नक्की काय करायचं हे कोणाचंच ठरलेलं नव्हतं. ते ठरेपर्यंत आम्हाला मेडिकलच्या मुलांबरोबर मुडदे फाडायला पाठवत. तिथे माझ्या वाट्याला एक हात आला. अख्खं वर्ष मी त्या अनोळखी हाताच्या शिरा सोडवत बसलो. तोंड मेडिकलच्या मुलांकडे होतं, कारण ते डॉक्टर होणार होते आणि आम्ही नुसते दात काढणारे.

पुढच्या वर्षी दात आले, पण साबणाचे. साबणाच्या वड्या कोरून दाढा करायच्या, त्यांची मापं घ्यायची, सरांना दाखवायच्या. सरांनी नापास केलेल्या दाढांनी मी खोलीवर धोतरं धूत असे. त्या वर्षी माझी धोतरं फार स्वच्छ होती.

मग एकदाचं आम्हाला जिवंत माणसांपाशी नेलं. कॉलेजच्या दवाखान्यात आमचं पहिलं काम म्हणजे बायकांचे काळे दात खरवडून पांढरे करणं. त्या काळी लग्न झालेल्या बायका दातांना दातवण लावत. हिरडा, मायफळ, लोखंडाचा कीस असलं काय काय कुटून केलेली ती काळी पूड. दात काळेभोर झाले की बाई नटली. दातवण लावायचं ते नवरा असलेल्या बाईने, विधवेचे दात पांढरे. आमच्या घरच्या मांजरालाही हे ठाऊक होतं. पण आमचं पुस्तक विलायतेत लिहिलेलं होतं, आणि त्यात काळा दात म्हणजे एक तर किडलेला नाही तर घाणेरडा. दाढ दुखते म्हणून आलेल्या बाईचं दुखणं राहायचं बाजूला, आम्ही आधी तिचे पुढचे दात लख्ख करून द्यायचो. ती पदर तोंडाला लावून झपझप निघून जाई. सर आम्हाला म्हणत, "बघा कशा लाजतात. स्वच्छतेची सवयच नाही." आम्ही माना डोलवत असू. माझी आई घरी काळ्या दातांनी हसत होती, हे त्या वेळी मला आठवलंसुद्धा नाही. कॉलेजचं शिक्षण चांगलं असलं की असं होतं.

शेवटच्या वर्षाचा नियम मात्र कडक होता. प्रत्येकाने एका पूर्ण बोळक्या माणसाला वरखाली कवळी करून बसवायची, आणि परीक्षेच्या दिवशी तो माणूस ती कवळी तोंडात घालून परीक्षकासमोर हजर करायचा. माणूस आपला आपण शोधायचा. माणूस नाही तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर घरी तोंड दाखवायची सोय नाही. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत मी घरी मुरुडला आलो तो शिकाऱ्यासारखा. कोणी भेटलं की मी त्याच्या डोळ्यांत बघायच्या ऐवजी ओठांत बघे. समुद्रावर एक म्हातारा कोळी जाळं विणत बसायचा, अगदी बोळका. त्याला मी फुकट दात करून देतो म्हटलं.

"मना दात कनाला रं?" तो म्हणाला. "दात आलं त पोरं म्हनतील बाप तरणा झाला, चल होडीवर. आता कसा निवांत हाय."

शेवटी सापडली ती घरातच. माझी मावशी. हिरड्या सुजून सुजून तिचे सगळे दात पन्नाशीच्या आत गेले होते. तिच्या नवऱ्याची, म्हणजे काकांची, सुपारीची वाडी होती, आणि वाडीची मालकीण सुपारी खलबत्त्यात कुटून खाते याचं तिला फार वाईट वाटे. काका तिच्याहून पुष्कळ मोठे, पण त्यांचे दात शाबूत. ते तिच्यासमोर मुद्दाम अख्खी रोठा सुपारी कडकन फोडत आणि मिशीत हसत. मावशी लगेच कबूल झाली. "त्यांच्यासमोर एकदा कडकन फोडून दाखवते," म्हणाली.

शिमगा झाल्यावर दोघं बोटीने मुंबईला आली आणि गिरगावात एका नातेवाइकाच्या चाळीत उतरली. मावशीच्या तोंडाचा ठसा घ्यायचा दिवस नेमका एकादशीचा निघाला. तोंडात ओलं प्लास्टर भरण्याआधी तिने विचारलं, "हे पोटात गेलं तर उपास मोडतो का रे?" मी सरांना इंग्रजीत विचारलं. सर म्हणाले, पोटात गेलं तर उपासाची काळजी करायला त्या बाई उरणार नाहीत. मी तिला मराठीत सांगितलं की चालतं.

दातांचा रंग निवडण्याचं एक शास्त्र होतं. परदेशातून आलेली एक पट्टी होती, तिच्यावर चिनीमातीचे दात ओळीने लावलेले, दुधासारख्या पांढऱ्यापासून पिकल्या केळ्यासारख्या पिवळ्यापर्यंत. पेशंटचं वय आणि वर्ण पाहून त्यातला एक निवडायचा. मी ती पट्टी मावशीच्या गालाला लावून खिडकीत अर्धा तास घालवला आणि अगदी बरोबर रंग निवडला. त्या पट्टीत काळा दात नव्हता. नव्हता म्हणून मला तो सुचला नाही.

कॉलेजात आरसे पुष्कळ होते, पण ते चवलीच्या नाण्याएवढे, दांडीला लावलेले, पेशंटच्या तोंडात घालून बघायचे. पेशंटने स्वतःला बघावं असा एकही आरसा नव्हता, कारण बघायचं काम आमचं होतं. कवळी बसली तेव्हा सरांनी मावशीचा ओठ उचलून साऱ्या वर्गाला दाखवला आणि म्हणाले, असे दात देवालाही जमत नाहीत. मी गिरगावपर्यंत चालत नाही, उडतच गेलो. मावशीने वाटेतच सुपारीचं खांड फोडून पाहिलं. फुटलं. ती पदराआड हसली.

दुसऱ्या दिवशी गेलो तर कवळी पाण्याच्या पेल्यात, पेल्यावर ताटली, आणि मावशी भिंतीकडे तोंड करून निजलेली. नातेवाइकांच्या घरी भिंतीवर मोठा आरसा होता. काका बाहेर गॅलरीत बसले होते.

"घेऊन जा ते," ती म्हणाली. "ह्या दातांनी मी ह्यांना जेवायला वाढू?"

"मावशी, दात पांढरेच असतात."

"ज्यांचं कुंकू पुसलं त्यांचे असतात. तू एवढा शिकलास, शकुन-अपशकुन तरी बघायचास."

परीक्षा पुढच्याच आठवड्यात होती. मी हात जोडले, आईचं नाव घेतलं, फक्त एक तास घाल म्हटलं. मावशी उठून बसली आणि शांतपणे म्हणाली, "तुझ्या परीक्षेसाठी मी नवऱ्याच्या जिवावर उठू?" मला तिचा राग आला, आणि सरांचा, आणि त्या पट्टीचाही. मग तिनेच माझी कीव येऊन दातवण लावून पाहिलं. चिनीमातीवर ते टिकेना. एक चूळ भरली की दात पुन्हा पांढरे आणि मोरी काळी.

तेवढ्यात काका गॅलरीतून उठले, जिना उतरून खालच्या सुताराकडे गेले आणि वाटीभर चपडा लाखेचं पॉलिश घेऊन आले, कपाटांना लावतात ते. त्यात त्यांनी मावशीचं दातवण कालवलं, चष्मा चढवला, काडीला कापूस गुंडाळला आणि गॅलरीच्या उजेडात एकेक दात रंगवायला बसले. बायकोचं नावही उखाण्याशिवाय न घेणारा तो माणूस चाळीतल्या येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर बायकोची कवळी मांडीवर घेऊन बसला होता. मी म्हटलं, "काका, पुरे, सगळे सारखे झाले."

"तुला काय ठाऊक?" ते मान वर न करता म्हणाले. "तिचे पुढचे दोन जास्त काळे होते. लग्नानंतर पहिल्यांदा हसली तेव्हा तेच दिसले." आणि त्या दोघांवर त्यांनी आणखी एक हात दिला. काका मला तोवर नुसते चेष्टेखोर वाटत. त्या दिवशी मला ते फार आवडले.

परीक्षेच्या दिवशी मावशी लुगडं नेसून, कुंकू लावून, काळेभोर दात घालून खुर्चीत ताठ बसली. सरांनी तिचं तोंड पाहिलं आणि ते खिडकीतून बाहेर बघू लागले. परीक्षक गोरे होते. त्यांनी पेशंटकडे पाहिलं नाही, त्यांची तशी पद्धत होती. कवळी ओढून पाहिली, उलटी करून पाहिली, चावा पाहिला आणि मग थांबून विचारलं, "रंग कशावरून निवडला?"

"वय, वर्ण आणि वैवाहिक स्थिती," मी म्हणालो. पहिली दोन पुस्तकातली होती. तिसरं इतक्या ठामपणे सांगितलं की ते आपल्या वाचनातून सुटलं असावं असं साहेबांना वाटलं. त्यांनी मान डोलावली आणि मी पास झालो. पुढच्या वर्षीच्या मुलांनी सांगितलं की सर आता रंगाच्या तासाला हा तिसरा मुद्दाही लिहून देतात, पण तो कशासाठी हे विचारलं तर चिडतात.

मी मुरुडला खुर्ची टाकली, आणि पहिल्या दिवशीच भिंतीवर माणसाचं अख्खं तोंड दिसेल एवढा आरसा लावला. मावशी रोज सुपारी फोडत होती. लाख झिजून पांढरं डोकावू लागलं की काका ओटीवर वाटी आणि काडी घेऊन बसत, आणि पुढच्या दोन दातांवर एक हात जास्त देत. गावातली माणसं त्यांची थट्टा करत. काका म्हणत, दुरुस्ती करणारा घरचाच असला की बरं.

एका पावसाळ्यात काका तापाने गेले. दिवसकार्य झाल्यावर मावशी माझ्या दवाखान्यात आली, मागच्या दाराने. कपाळ मोकळं, हात मोकळे. तिने पदराची गाठ सोडून कवळी माझ्या हातात दिली.

"ह्यांनी लावलेलं आहे," ती म्हणाली, "माझ्याने निघत नाही. चिंच लावली, राख लावली. तू काढ."

मी म्हटलं, मावशी, राहू दे, कोण बघतंय. तिने माझी बोटं कवळीवर मिटवली. मग मी खरवडायचं हत्यार घेतलं. हेच मला सगळ्यांत आधी शिकवलं होतं आणि त्यात माझा हात चांगला बसलेला होता. दाढा लवकर निघाल्या. पुढच्या दोन दातांवर थरावर थर चढले होते, ते सगळ्यांत शेवटी निघाले. सरांनी वर्गाला दाखवले होते तसे दात माझ्या तळहातावर लख्ख पडले होते. इतकं चांगलं काम मी पुढे कधी केलं नाही, आणि मला ते बघवेना.

मी कवळी धुऊन तिला दिली. तिने आरशाकडे पाठ केली, कवळी बसवली आणि पदर तोंडाला लावून आली तशी मागच्या दाराने घरी गेली.