आकड्याला कपडे घालणारी जिज्जी

जिज्जी गेल्याची बातमीसुद्धा आधी माझ्या मुलीला कळली, मग मला. तिच्या शेजारणीने जिज्जीच्या फोनवर सगळ्यात वर दिसलेला नंबर लावला, आणि तो अर्थातच ईराचा होता. भावाचा नाही, भावजयीचा तर नाहीच. ईरा रडत स्वयंपाकघरात आली, "आई, जिज्जी..." आणि अशा वेळी माझ्या मनात पहिलं काय यावं? तर, हिला आधी का सांगितलं! रडू नंतर आलं, पुष्कळ आलं. पण ती पहिली कळ अजून गेलेली नाही.

जिज्जी माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. नर्सिंग कॉलेजात शिकवून रिटायर झाली आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, हजिऱ्याला एकटीच राहायची. एकक न लावता कुणी आकडा बोललेला तिला खपायचा नाही. मी नवी नवरी असताना सासऱ्यांसमोर म्हटलं, "साखर दोन आणलीय." झालं! "दोन काय? किलो, पोती का दाणे? नंगा आकडा घेऊन घरात फिरतेस, शैला? आधी त्याला कपडे घाल." मी गणितात एमएस्सी. साखरेच्या पिशवीमागे तोंड लपवायची पाळी आली.

तरी मी निभावून नेलं. आमच्या नया बाजारातली अर्धी पोरं माझ्याकडे गणित शिकून गेलीत, त्यांच्या आया रस्त्यात नमस्कार करतात... मग ईरा नर्सिंगला गेली आणि औषधाच्या मात्रा काढायच्या परीक्षेत नापास झाली. ती पास झाल्याशिवाय वॉर्डात औषधाला हात लावू देत नाहीत. मला वाटलं, आता आपली पाळी. मी म्हटलं, विचार. ती म्हणाली, डॉक्टरांनी अर्धा ग्रॅम लिहिलंय, गोळी अडीचशे मिलिग्रॅमची आहे, तर किती गोळ्या? "दोन!" मी फोडणी देता देता सांगून टाकलं. तिने वही मिटली, स्कूटी काढली आणि हजिऱ्याला निघून गेली. मग रोजच जायला लागली.

एकदा चिवड्याचा डबा पोहोचवायच्या निमित्ताने मीही गेले. निमित्तच ते, जिज्जीला माझा चिवडा कधीच आवडला नाही. दोघी पलंगावर वह्या पसरून बसलेल्या. बारा किलोचं मूल, दर किलोला पंधरा मिलिग्रॅम औषध, आणि सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये सव्वाशे मिलिग्रॅम. "सात पूर्णांक दोन मिली," मी चप्पल काढता काढता म्हटलं. कुणी वर पाहिलं नाही. ईरा प्रत्येक आकड्याला एकक लावून लिहीत होती. वरचा किलो आणि खालचा किलो काटले. एकशे ऐंशी मिलिग्रॅम उरले. मग तिने सिरपचा अपूर्णांक मांडला आणि थबकली.

"मिलिग्रॅम कटत का नाहीये, जिज्जी? दोन्ही वरच आलेत."

"मला काय विचारतेस? त्या मिलिग्रॅमला विचार."

ईराने क्षणभर पाहिलं. "अरे! उलटं लिहिलंय मी!" आणि अशी खळखळून हसली... माझ्यासमोर गणित करताना ही पोर कधी हसली नव्हती. जिज्जी माझ्याकडे वळून म्हणाली, "ये शैला, चिवडा आणलास? ठेव तिथे."

घरी आल्यावर मी विचारलंच, "माझं उत्तर चुकलं होतं का गं?"

"बरोबरच होतं ना, आई. तुझं नेहमी बरोबर असतं. पण तू सीधा जवाब सांगून देतेस. वॉर्डात तू थोडीच येणारेस? जिज्जीकडे गलती झाली तर माझी मलाच दिसते."

फेरपरीक्षा तोंडावर आली आणि जिज्जी गेली. मनात आलं ते लिहितेच. वाटलं, आता तरी माझ्याकडे येईल. मी फळा पुसून ठेवला, नवा मार्कर आणला. ईरा आली नाही. पुस्तक न उघडता बसून राहायची, म्हणायची, "मी परीक्षा देतच नाही." तेव्हा मात्र माझा जीव घाबरला. फळा गेला खड्ड्यात, पण पोरीने असं अर्ध्यात सोडावं?

परवा दुपारी ती वही घेऊन आली. "बस इथे. मी मोठ्याने बोलत गणित करते. तू काही सांगायचं नाही. जिज्जी मध्ये बोलायची नाही, फक्त 'पुढे' म्हणायची."

मी बसले. शून्य पूर्णांक एकशे पंचवीस मिलिग्रॅम द्यायचंय, गोळी साडेबासष्ट मायक्रोग्रॅमची. उत्तर माझ्या जिभेवर केव्हाच येऊन बसलं. ईरा मात्र एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम इथपर्यंत आली आणि वर काय, खाली काय, यात अडकली. पेन चावू लागली. मी पदराचं टोक मुठीत धरलं, ओठ दाबले.

"पुढे," मी म्हटलं.

ईराने मान वर केली नाही. "जिज्जी थोडं हळू म्हणायची."

बाई गं, गेलीस तरी... मी जमेल तितक्या हळू म्हटलं, "पुढे."