हापशाची सवय

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. हे मी मिरवूनच सांगते. ठाण्याच्या एका ऑफिसात मी कॉम्प्युटरच्या स्क्रीन आखायचे. बटण कुठे, अक्षर केवढं, बोट लागल्यावर पुढे काय, असलं काम. मुरबाडकडच्या आमच्या गावात ते सांगताना नाकीनऊ यायचे. आई मात्र ठसक्यात सांगायची, "माझी पोर बटनां काढते."

तेव्हा शहापूरच्या एका धर्मादाय दवाखान्यात नंबर लावायची स्क्रीन दारातच बसवली होती. आमच्याच ऑफिसची, पण माझ्या हातची नव्हे. आईचे दोन्ही मोतीबिंदू पिकलेले. ऑपरेशनचे डॉक्टर बाहेरून यायचे आणि पावसाळ्याआधीची त्यांची ही शेवटची खेप, म्हणून मी तिला घेऊन गेले. आज नंबर हुकला तर लावणी चाचपडतच करायची.

मी बोट पुढे केलं तर तिने माझा हात बाजूला सारला.

"ऱ्हाऊ दे गो. पोरीचं मशीन आईला नाय जमणार?"

हिरवं बटण एवढं मोठं, की तिलाही दिसलं. तिने दाबलं. मशीन गप्प. आत नंबर नोंदला जात होता, पण वर काही हललं नाही, वाजलं नाही. तिने पुन्हा दाबलं, मग जोर लावून अजून. मी "थांब, आये" म्हणेस्तोवर स्क्रीन बदलली आणि हिरव्याच्या नेमक्या जागी "रद्द करा" आलं. तिचं बोट त्यावरच पडलं आणि लागलेला नंबर गेला. मागच्या बाईने नंबर लावला आणि त्या दिवसाची यादी भरली.

वॉचमन हसला. "आजी, हा काय हापसा हाय का, हापसत बसायला?"

"मंग रे? हापशाला तरी पयल्या दांड्याला पानी येतं का? मधीच थांबली तर पानी खालीच जातं."

मी आत जाऊन भांडले. यादी मशीन काढतं, आमच्या हातात नाही, एवढंच ऐकायला मिळालं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांना म्हटलं, बोट लागताच बटणाचा रंग बदलू दे, आवाज होऊ दे. "रद्द" दूरच्या कोपऱ्यात न्या, आणि आधी विचारा तरी.

"तुझ्या आईसाठी सॉफ्टवेअर बदलायचं?"

"हो. तिच्यासारखेच येतात तिथे."

बदललं काही नाही. दवाखान्याने मशीनवर कागद तेवढा चिकटवला : 'बटण एकदाच दाबा.' आईला वाचता येत नाही.

पावसाळा सरल्यावर डॉक्टर पुन्हा आले. मी न्यायला गेले, तर ती चुलीपुढून उठेना.

"मना नको. मी हात लावला का बिगडतंय."

"तुझं काही चुकलं नव्हतं गं. मशीन चुकीचं केलंय."

"तू माझी पोर, तू असंच बोलशील."

समजावून थकले. मी असल्यावर तिला मशीनला हातही लावावा लागणार नव्हता, तरी नाही म्हणजे नाही. संध्याकाळी ती हंडा घेऊन हापशावर निघाली, मी मागोमाग. तिने दांडा चाचपून धरला. पहिले काही हापसे कोरडे गेले, मग नळीत घरघर झाली आणि पाणी आलं. हंडा भरत आला तसा त्याचा आवाज बदलत गेला. ती कान देऊन होती. काठाशी पाणी येताच हात थांबला, बाहेर थेंब नाही.

"चल," ती म्हणाली आणि पायवाट समजून बांधाकडे वळली. मी तिचा दंड धरला.