कॅमेरा बंद, सगळे हजर

कोविडच्या वर्षाचे किस्से आमच्या सातासमुद्रापारच्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळींमध्ये कोणी मुद्दाम काढत नाही, ते आपोआप निघतात. घरोघरचे डबे एकत्र करून जेवायच्या पॉटलकला कुणीतरी म्हणतं, "आठवतं, सॅनिटायझरसाठी रांगा लावल्या होत्या?" आणि पुढचा तासभर पानातली पुरी तशीच! प्रत्येकाच्या पोतडीत चार-पाच असतातच. आमच्या तीन घरांचे किस्से मात्र जरा वेगळे आहेत. लोक आधी खो खो हसतात, आणि मग कुणीतरी उगाचच उठून बेसमेंटचा दिवा लावून येतं.

तीन घरं म्हणजे एक आमचं. मी, बायको मेधा आणि लेक सई. दुसरं समोरच्या शुभदाचं, तिचा मुलगा नील. आणि तिसरं दोन ब्लॉक पलीकडचं, नागपूरच्या संजय-अपर्णाचं, त्यांचा ईशान. तिन्ही पोरं त्या ऑगस्टमध्ये अकरावीत गेली. इथली अकरावी म्हणजे आपली बारावीच समजा. एपी नावाचे कॉलेजच्या तोडीचे विषय, मे महिन्यात त्यांच्या परीक्षा, आणि पुढच्या कॉलेजचं सगळं त्यावर. आपल्याकडे बारावीच्या वर्षी घरातली केबल काढून टाकायचे. इथे अख्खी शाळाच वायफायमधून येत होती, काढणार काय?

* * *

शुभदाचा किस्सा पहिला, कारण तो ती स्वतःच सांगते आणि सोडत नाही.

त्या वर्षी पोरांचा एकच युनिफॉर्म होता, हूडी. घरात हीटर चालू असला तरी हूड डोक्यावर ओढलेलं. नुसतं नाक दिसायचं. एका सकाळी शुभदा पोह्यांची प्लेट घेऊन नीलच्या खोलीत गेली. लॅपटॉपवर हिस्टरीचा क्लास चालू, आणि त्यात आपला नील, निळं हूड घालून, टीचरकडे बघत समजल्यासारखी मान हलवतोय. शुभदाला भरून आलं. मग तिला मागून घोरण्याचा आवाज आला.

खरा नील पांघरुणात झोपला होता! पठ्ठ्याने स्वतःचा मान हलवतानाचा व्हिडिओ काढून तोच बॅकग्राउंडला लावून ठेवला होता.

"मी दोघांकडे बघत उभी," शुभदा सांगते, "एक झोपलेला, एक शिकणारा. आणि तेवढ्यात टीचर म्हणाली, 'नाइस टू सी यू पेइंग अटेन्शन, नील!' आणि यार, त्याने मान हलवली!"

"मग तू काय केलंस?"

"पोहे लॅपटॉपसमोर ठेवले आणि खाली आले."

* * *

आमच्या कोपऱ्यावर शाळेची पिवळी बस यायची. शाळा बंद, पण बस चालू! कुणी म्हणायचं ड्रायव्हरांच्या नोकऱ्या टिकाव्यात म्हणून, कुणी म्हणायचं गरजू मुलांना जेवण द्यायला जाते म्हणून. खरं कारण शेवटपर्यंत कळलं नाही. बर्फातून हळूहळू यायची, थांबायची, लाल दिवे लुकलुकायचे, दार उघडायचं. कोणी चढायचं नाही. मग दार बंद व्हायचं आणि बस पुढे जायची. आत रिकाम्या सीटांची रांग.

मेधा चहा घेऊन खिडकीशी उभी राहायची आणि म्हणायची, "मला नाही आवडत हे."

एक दिवस सई सात वाजता अंघोळ करून, बूट घालून, सॅक पाठीला लावून निघाली. आम्ही काही विचारायच्या आत कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली. बस आली, दार उघडलं. ही तिथेच उभी. ड्रायव्हर काहीतरी बोलला, हिने उत्तर दिलं, दार बंद झालं, बस गेली. ही परत आली आणि मुकाट्याने लॅपटॉप उघडून बसली.

"काय म्हणाला गं तो?" मी विचारलं.

"ही आस्क्ड मी, आर यू रिअल?"

"मग तू काय सांगितलंस?"

"आय सेड, आय थिंक सो."

* * *

पण खरी काळजी होती ईशानची. सई तणतणायची, नील झोपायचा, ईशान काहीच करायचा नाही. तो दाराआड गेला आणि राहिला. अपर्णा दाराबाहेर ताट ठेवायची, तासाभराने रिकामं ताट उचलायची. "घरात मुलगा आहे की भाडेकरू, कळत नाही," म्हणायची आणि हसायची, पण डोळे हसायचे नाहीत.

ऑक्टोबरमध्ये शाळेने पालकांसाठी ऑनलाइन संध्याकाळ ठेवली. प्रत्येक टीचरला दहा मिनिटं भेटायचं. संजय घाईघाईत ईशानच्याच अकाउंटवरून शिरला. संजय म्हणजे पन्नाशीला आलेला, अर्धं टक्कल, पांढरी दाढी. फिजिक्सच्या बाई त्याला बघून एवढ्या खूश झाल्या!

"ईशान! फायनली यू टर्न्ड युवर कॅमेरा ऑन! यू लुक एक्झॅक्टली लाइक आय इमॅजिन्ड!"

दोन महिने त्या एका काळ्या चौकोनाला शिकवत होत्या. संजय हा किस्सा नक्कल करून सांगतो आणि सगळे लोटपोट होतात. त्या रात्री घरी मात्र तो ईशानच्या दारापाशी जाऊन नुसता उभा राहिला होता, हे अपर्णाने मेधाला सांगितलं.

* * *

शेवटी उपाय काढला तो अपर्णाच्या वडिलांनी. सगळे त्यांना आबा म्हणायचे. नागपूरला शाळेत गणित शिकवून रिटायर झालेले, एकटेच राहायचे. म्हणाले, "दर शनिवारी तुमच्या सकाळी आठला तिघांना बसवा. मी पाहून घेतो."

आमचे आठ म्हणजे त्यांची संध्याकाळ. मोबाइल स्टुलावर डब्याला टेकवून ठेवायचे आणि भिंतीवरच्या फळ्याकडे तोंड करून शिकवायचे. आम्हाला दिसायची त्यांची पाठ आणि खडूचा हात. सुरुवात हजेरीने. "सई?" "हजर." "नील?" "हजर." "ईशान?"

पहिल्या शनिवारी ईशानच्या चौकोनातून बराच वेळ आवाज नाही. आबा थांबले. मागे वळले नाहीत, पुन्हा म्हणालेही नाहीत, नुसते थांबले. आणि मग त्या काळ्या चौकोनातून आलं, "हजर." अपर्णा जिन्यात उभी राहून ऐकत होती. ती तिथेच पायरीवर बसली.

तिघांचेही कॅमेरे अर्थातच बंद. एकदा शिकवताना मध्येच आबा म्हणाले, "सई, पेन खाली ठेवून खिडकीबाहेर काय पाहून राहिली?"

सई खरंच खिडकीबाहेर बघत होती. किंचाळत खाली आली. "बाबा! कॅमेरा ऑफ होता! आणि ते तर बोर्डकडे बघत होते!"

मी पुढच्या वेळी आबांना विचारलंच. ते हसले. "अहो, आयुष्यभर वर्गाकडे पाठ करूनच शिकवलं मी. तुमचा कॅमेरा बंद म्हणजे दुसरं काय, तेच तर!"

पुढे ईशान त्यांच्याशी रोज बोलायला लागला. तेही मराठीत! आईवडिलांशी इंग्रजीत दोन शब्द, आणि आबांशी दाराआड तासभर मराठी. अपर्णा म्हणायची, "माझ्याशी नाही बोलला तरी चालेल. कोणाशी तरी बोलतोय ना." पोरगं त्या एका धाग्याने वर येत होतं, आणि तो धागा कुठे आहे हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

* * *

हिवाळा संपल्यावर एका दुपारी आम्ही मोठी माणसं संजयच्या घरामागच्या लाकडी डेकवर लांब लांब खुर्च्या टाकून बसलो होतो. पोरं आपापल्या खोलीत, दारं बंद. त्या दिवशी अपर्णाने तिच्या बारावीचा किस्सा सांगितला.

तिची परीक्षा चालू असताना आबा अचानक घरात टोपी घालून वावरायला लागले. जेवताना टोपी, झोपताना टोपी. हिने विचारलं तर म्हणाले, "ऊन लागून राहिलं." फेब्रुवारीत कसलं ऊन! पण डोक्यात केमिस्ट्री, हिने पुढे विचारलं नाही. शेवटच्या पेपरला ते सेंटरबाहेर सायकल धरून उभे होते. ही बाहेर आली, पेपर कसा गेला ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग टोपी काढली. डोक्याचा तुळतुळीत गोटा केलेला. गावाकडे आजी, म्हणजे आबांची आई, जाऊन आठवडा झाला होता. आबा एका दिवसात जाऊन, सगळं करून परतले होते.

"मी खूप भांडले त्यांच्याशी," अपर्णा म्हणाली. "तर म्हणाले, दुःख थांबतं बाई. पेपर थांबत नाही."

मेधाने विचारलं, "ईशानला माहितीये हे?"

"छे! त्याला काय कळणार यातलं. मी कधी कुणाला सांगितलंच नाही. संजय पण आज पहिल्यांदा ऐकतोय."

* * *

एप्रिलच्या शेवटी आबा गेले. नागपुरात तेव्हा काय चाललं होतं ते वेगळं सांगायला नको. सोमवारी ताप आला, गुरुवारी गेले. शेजाऱ्यांनी सगळं केलं. अपर्णाला जाता आलं नाही. व्हिसाची गोष्ट अशी होती की गेली असती तर परत कधी आली असती याचा भरवसा नव्हता. व्हिडिओवरही नीट काही दिसलं नाही.

संजय आमच्या दारासमोरच्या ड्राइव्हवेवर आला, मास्क खाली ओढून म्हणाला, "ईशानला सांगत नाही आहोत. मंगळवारी कॅल्क्युलसचा पेपर आहे. हे पोरगं परत दाराआड गेलं तर मी काढू शकणार नाही, यार."

मला ते पटलं, आणि पटलं म्हणून भीतीही वाटली. तिघांनाही एकच सांगायचं ठरलं. आबांच्या फोनचा स्क्रीन फुटलाय, या शनिवारी क्लास नाही. सईने "का? कसा?" करून डोकं खाल्लं. ईशान नुसतं "ओके" म्हणाला. एकदाही पुन्हा विचारलं नाही. अपर्णाला त्याचंच जास्त लागलं. ती गराजमध्ये बंद गाडीत बसून रडायची, तोंड धुवायची आणि दाराबाहेर ताट ठेवून यायची.

शनिवारी सकाळी मी धुतलेल्या कपड्यांची बास्केट घेऊन वर चाललो होतो. सईचं दार लोटलेलं होतं. आतून तिचा आवाज आला.

"हजर."

मग पेन्सिल कागदावर चालल्याचा आवाज. मी पाय न वाजवता खाली आलो आणि मेधाला म्हटलं, "बघ, क्लास नसला तरी तिघं मिळून बसलीत. शहाणी झाली पोरं." तेवढ्यात शुभदाचा मेसेज आला, "नील आठला आपोआप उठला!!! जगबुडी येणार!" आम्ही किती दिवसांनी हसलो.

* * *

मंगळवारी पेपर शाळेच्या जिममध्ये होता. इथे पोरं स्वतः ड्राइव्ह करून जातात, आईबाप बाहेर ताटकळत नाहीत. पण आम्ही तिन्ही घरची माणसं पार्किंगमध्ये जाऊन उभे राहिलो, आपापल्या आईबापांसारखे. शुभदाने दही-साखर आणली होती, ती द्यायची पेपरच्या आधी, हे तिला पेपर सुरू झाल्यावर आठवलं!

संजय आणि अपर्णाचं ठरलं होतं, आता इथेच सांगायचं. अपर्णा हातातला रुमाल घड्या घालून उलगडत होती.

दार उघडलं, मुलं मास्क लावून लांब लांब बाहेर यायला लागली. बाहेर छान ऊन पडलं होतं, निम्मी मुलं टी-शर्टात होती. आमची तिघं एकत्र आली. सई, नील आणि मध्ये ईशान, राखाडी हूड नेहमीसारखं कपाळापर्यंत ओढलेलं.

"कसा गेला रे?" अपर्णाने विचारलं.

"चांगला गेला," ईशान म्हणाला. मराठीत. मग शेवटचा प्रश्न कसा सोडवला ते सगळं सांगितलं, न थांबता. अपर्णा ऐकत राहिली. त्याचं संपल्यावर तिने संजयकडे बघितलं, श्वास घेतला आणि म्हणाली, "ईशान, बाळा, तुला एक सांगायचंय."

ईशानने दोन्ही हातांनी हूड मागे केलं.

घरातल्या ट्रिमरने केलेलं, कानामागे दोन ठिकाणी कापलेलं, पण डोकं पूर्ण गोटा. उन्हात चकाकत होतं.

सईने आणि नीलने खाली बघितलं. अपर्णाचा हात त्याच्या डोक्याकडे गेला आणि मध्येच थांबला.

"हे... तुला कोणी सांगितलं?"

"आबांनी," तो म्हणाला. "पेपर होईपर्यंत डोकं झाकून ठेव म्हणाले."

"कधी?"

ईशानने सईकडे बघितलं, नीलकडे बघितलं. आईला एवढंही कसं माहीत नाही याचं त्याला खरंच नवल वाटलं असावं.

"शनिवारी. क्लासमध्ये."